लोकशाहीची पहिली शाळा : प्राचीन अथेन्स

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले व्याख्यान, स्मरणिकेसाठी लिहून काढलेले)



एखादी गोष्ट मनापासून आवडली की आपण मराठीत सहज म्हणून जातो, "वा, अफलातून!" घरात एखादा मुलगा फार शहाणपणा करू लागला की वडीलधारी मंडळी म्हणतात, "मोठा अफलातून लागून गेलास!" हा अफलातून म्हणजे दुसरातिसरा कोणी नसून प्लेटो हा ग्रीक तत्त्ववेत्ता होय. अरबांनी त्याला अफलातून केले आणि फारसीच्या वाटेने तो आपल्या जिभेवर येऊन बसला. त्याचप्रमाणे ॲरिस्टॉटल अरस्तू झाला आणि सॉक्रेटिस सुकरात झाला. हे तिघेही ज्या एका शहरात राहिले आणि शिकवीत होते, त्या अथेन्स शहराविषयी मी आज आपल्याशी बोलणार आहे.

ह्या शहराच्या भाषेने जगाला आणखी एक शब्द दिला. 'डेमोस' म्हणजे लोक आणि 'क्रातोस' म्हणजे सत्ता. ह्या दोन शब्दांच्या जोडणीतून 'डेमोक्रसी' हा शब्द तयार झाला. आपण त्याला लोकशाही म्हणतो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ह्या विषयाला एकदोन ओळी असतात. लोकशाहीचा उगम ग्रीसमध्ये झाला, एवढे वाक्य पाठ करून विद्यार्थी एक गुण मिळवतो. परंतु त्या लोकांनी लोकशाही चालविली कशी, त्यांचे चुकले कोठे आणि त्यातून आपल्यापर्यंत काय पोहोचले, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. तो करणे आपल्या फायद्याचे आहे, असे मला वाटते.

प्रथम त्या शहराचा आवाका लक्षात घेऊ. अथेन्स आणि त्याभोवतालची खेडी मिळून जो प्रदेश होता, त्याला ॲटिका म्हणत. त्याचे क्षेत्रफळ साधारण अडीच हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्याच्या सुमारे एकतृतीयांश. जमीन खडकाळ, पाऊस कमी, पीक मुख्यतः जवाचे, ऑलिव्हचे आणि द्राक्षांचे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या प्रारंभी तेथील गरीब शेतकरी कर्जात बुडालेला होता. कर्ज फिटले नाही तर सावकार त्याला गुलाम करून विकू शकत असे. इ. स. पूर्व ५९४ मध्ये सोलोन ह्या शहाण्या माणसाच्या हाती कारभार देण्यात आला. त्याने कर्जाचा बोजा उतरवला आणि माणसाचे शरीर गहाण ठेवून कर्ज देण्यास कायमची बंदी केली. लोकशाहीचा पाया मतपेटीने घातला गेला नाही, तो कर्जमुक्तीने घातला गेला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्याचे शरीरच दुसऱ्याच्या मालकीचे, त्याचे मत त्याचे स्वतःचे कसे असणार?

त्यानंतर इ. स. पूर्व ५०८ च्या सुमारास क्लायस्थेनिस ह्या पुढाऱ्याने खरी रचना केली. तोवर लोक आपापल्या कुळाच्या आणि घराण्याच्या पुढाऱ्यामागे चालत असत. क्लायस्थेनिसने जुने गट बाजूला सारून दहा नवे गट केले. प्रत्येक गटात थोडी गावे समुद्रकिनाऱ्याची, थोडी शहराची व थोडी आतल्या डोंगराळ भागाची घातली. कोळी, कारागीर आणि शेतकरी एका गटात बसू लागले, एकत्र लढाईस जाऊ लागले, एकत्र सण साजरे करू लागले. घराण्याच्या नावावर एकगठ्ठा मागे फिरणारी माणसे पांगली. जातपात आणि भावकी ह्यांवर निवडणुका लढविणाऱ्या आपल्या काळाला ह्या युक्तीतून बरेच शिकता येईल.

आता कारभाराची पद्धत पाहू. सर्व नागरिकांची एक सभा असे. ती 'निक्स' नावाच्या टेकडीवर उघड्यावर भरत असे. चौथ्या शतकात वर्षाला सुमारे चाळीस सभा होत. काही महत्त्वाच्या निर्णयांसाठी सहा हजार नागरिकांची उपस्थिती लागे. युद्ध, तह, कर, जकात, धान्याचा पुरवठा हे सारे विषय तेथे येत आणि हात वर करून निर्णय होत. कोणाही नागरिकाने उठून बोलावे, अशी मुभा होती. चांभारालाही ती होती आणि सरदारालाही होती.

ह्या सभेपुढील विषय तयार करण्यासाठी पाचशे जणांचे मंडळ असे. प्रत्येक गटातून पन्नास. हे लोक मतदानाने निवडलेले नसत. त्यांची नावे चिठ्ठ्या टाकून काढली जात. वय तीस वर्षे पूर्ण झालेले हवे, मुदत एक वर्ष आणि सबंध आयुष्यात दोनपेक्षा अधिक वेळा हे पद मिळत नसे. ह्या मंडळाचा दैनंदिन अध्यक्षही चिठ्ठीने ठरे आणि त्याची कारकीर्द फक्त एका दिवसाची असे. त्या एका दिवसात राज्याची मोहोर आणि खजिन्याच्या किल्ल्या त्याच्या ताब्यात राहत. आज सकाळी जो शेतकरी, तोच संध्याकाळी राज्याचा प्रमुख, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपल्या नांगरामागे!

आपणांस हे विचित्र वाटेल. परंतु त्यांचा विचार सरळ होता. निवडणूक घेतली की निवडून येतो तो नाव असलेला, पैसा असलेला किंवा चांगला बोलणारा. चिठ्ठीला ह्यांपैकी काहीच दिसत नाही. ॲरिस्टॉटलने तर असे नमूद केले आहे की, चिठ्ठीने पदे भरणे हे लोकशाहीचे लक्षण समजले जाते आणि निवडणुकीने भरणे हे मूठभरांच्या राज्याचे. मात्र जेथे खास कौशल्य लागते तेथे अथेन्सचे लोक भाबडे नव्हते. दहा सेनापती ते मतदानानेच निवडीत आणि तोच माणूस पुन्हा पुन्हा निवडून येऊ शके. प्रसिद्ध पेरिक्लिस वर्षानुवर्षे निवडून येत राहिला तो सेनापती म्हणूनच.

न्यायदानाचेही तसेच. दरवर्षी सहा हजार नागरिकांची न्यायपंच म्हणून नोंद होई आणि दाव्याच्या महत्त्वाप्रमाणे दोनशे एक, पाचशे एक किंवा अधिक जण एका खटल्यास बसत. कोणत्या दिवशी कोणी कोठे बसायचे हे आधी कळू नये म्हणून पुढे त्यांनी दगडाचे एक यंत्र केले. त्यातील खाचांत प्रत्येकाच्या नावाची धातूची पट्टी खोचायची आणि नळीतून पांढरी किंवा काळी गोटी पडेल त्याप्रमाणे त्या ओळीतील लोकांना घ्यायचे किंवा परत पाठवायचे. लाच द्यायची तर कोणाला, हेच कळू नये, हा हेतू. बोलण्याचा वेळ मोजण्यासाठी भोक पाडलेले मातीचे भांडे असे. त्यातले पाणी गळून संपले की वक्त्याचे भाषण संपले. आपल्याकडच्या समारंभांतही असे भांडे ठेवावे, अशी माझी नम्र सूचना आहे. त्याचा पहिला प्रयोग माझ्यावरच झाला तरी चालेल!

पंचाच्या कामासाठी पेरिक्लिसने रोजचा भत्ता सुरू केला. श्रीमंतांनी नाके मुरडली. परंतु रोजंदारी बुडवून गरीब माणूस न्यायालयात येऊन बसणार कसा? भत्ता नसेल तर लोकशाही ही फुरसत असलेल्या लोकांची शाही होते. इंग्लंडमध्ये चार्टिस्ट चळवळीने १८३८ मध्ये खासदारांना वेतन द्या अशी मागणी केली ती ह्याच कारणासाठी, आणि ती मान्य होण्यास तेथे १९११ साल उजाडावे लागले.

मला स्वतःला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची हिशेब घेण्याची रीत. पद हाती घेण्यापूर्वी माणसाला जाहीर प्रश्न विचारले जात. तू कर भरतोस काय? युद्धावर गेला होतास काय? आणि एक प्रश्न असा की, तू आपल्या आईवडिलांना नीट सांभाळतोस काय? पद सोडताना पैन् पैचा हिशेब द्यावा लागे. तो मंजूर होईपर्यंत त्या माणसाला देश सोडता येत नसे, आपली मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर करता येत नसे. आज आपल्या राज्यघटनेच्या १४८ व्या कलमाने महालेखापरीक्षक नेमलेला आहे. तो थेट अथेन्सहून आला असे कोणी म्हणणार नाही. परंतु सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्याने लोकांपुढे उभे राहून हिशेब दिला पाहिजे, हे तत्त्व त्या छोट्या शहराने कसे अमलात आणले होते, हे पाहून आजही आश्चर्य वाटते.

वाचकहो, इथवर मी गुणगान केले. आता दुसरी बाजू सांगितली नाही, तर शिक्षक म्हणून मी कर्तव्यास चुकेन.

अथेन्समध्ये एक चमत्कारिक पद्धत होती. एखादा पुढारी फार प्रबळ झाला आहे असे वाटल्यास लोक मातीच्या फुटक्या भांड्याच्या तुकड्यावर त्याचे नाव लिहून देत. असे सहा हजार तुकडे जमले आणि ज्याचे नाव सर्वांत अधिक निघाले, त्याला दहा वर्षे हद्दपार व्हावे लागे. आपल्याकडे दुसऱ्याच्या माथी खापर फोडतात. तेथे खापरावर नावच लिहून देत. अरिस्टायडिस हा 'न्यायी' म्हणून नावाजलेला पुढारी. इ. स. पूर्व ४८२ मध्ये त्याच्यावर ही पाळी आली. प्लुटार्कने दिलेली कथा अशी की, एक निरक्षर खेडूत खापरी घेऊन नेमका अरिस्टायडिसपाशीच आला आणि ह्यावर अरिस्टायडिसचे नाव लिहून दे म्हणाला. त्याने तुझे काय वाईट केले, असे विचारता खेडूत उत्तरला की, मी त्याला ओळखतही नाही. पण जिकडेतिकडे त्याला न्यायी न्यायी म्हणतात ते ऐकून मी कंटाळलो आहे. अरिस्टायडिसने मुकाट्याने स्वतःचे नाव लिहून दिले.

ही झाली कथा. पण पुरावा पाहा. विसाव्या शतकात अथेन्सच्या किल्ल्याच्या उतारावरील एका जुन्या विहिरीत सुमारे १९० खापऱ्या सापडल्या. सर्वांवर थेमिस्टोक्लिस ह्या पुढाऱ्याचे नाव. अभ्यासकांनी अक्षरे ताडून पाहिली, तेव्हा ती जेमतेम चौदा हातांची निघाली! म्हणजे विरोधकांनी खापऱ्या आधीच लिहून वाटण्यासाठी तयार ठेवल्या असाव्यात. ज्याला लिहिता येत नाही त्याने तयार खापरी घ्यायची आणि टाकून मोकळे व्हायचे. मत त्याच्या हातात, पण ते लिहिलेले दुसऱ्याने. शिक्षणसंस्था कशासाठी चालवायची, असे मला कोणी विचारले तर मी त्या विहिरीकडे बोट दाखवीन.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ह्या लोकशाहीतले 'लोक' कोण होते? स्त्रियांना सभेत जागा नव्हती. हजारो गुलामांना नव्हती. बाहेरून येऊन पिढ्यान् पिढ्या तेथे राहणारे, व्यापार करणारे, कर भरणारे, लढाईस जाणारे परदेशी रहिवासी ह्यांनाही नव्हती. लोकशाहीचा सर्वांत मोठा अभ्यासक ॲरिस्टॉटल ह्याच रहिवाशांपैकी एक. त्याला अथेन्समध्ये कधी मत देता आले नाही. इ. स. पूर्व ४५१ मध्ये पेरिक्लिसने कायदा करून दार आणखी अरुंद केले. बाप आणि आई दोघेही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. पुढे काय झाले? पेरिक्लिसला मिलेटस शहरच्या अस्पाझियापासून मुलगा झाला. कायद्याप्रमाणे तो नागरिक नव्हता. नंतर साथ आली आणि त्यात पेरिक्लिसची आधीची दोन्ही मुले दगावली. तेव्हा ह्या थोर पुरुषाला लोकांसमोर उभे राहून विनवणी करावी लागली की, माझ्या ह्या मुलापुरता अपवाद करा. लोकांनी दया केली. दुसऱ्यांच्या मुलांसाठी लावलेली कडी आपल्या घराच्या दारालाही बसते, हे कायदे करणाऱ्यांनी विसरू नये.

तिसरी गोष्ट बहुमताची. तीन प्रसंग सांगतो.

पहिला प्रसंग इ. स. पूर्व ४२७ चा. अथेन्सच्या अंकित असलेल्या मिटिलिनी शहराने बंड केले. बंड मोडले. सभा संतापलेली होती. क्लेऑन ह्या वक्त्याच्या सांगण्यावरून तिने ठराव केला की, तेथील सर्व प्रौढ पुरुषांना ठार मारावे आणि बायकामुलांना गुलाम करावे. हुकूम घेऊन जहाज निघाले. रात्र गेली आणि लोकांच्या मनाला टोचणी लागली. बंड करणारे थोडे, आणि मारायचे सारे शहर? दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा भरली. डायोडोटस नावाच्या, एरवी कोणाला ठाऊक नसलेल्या माणसाने शांतपणे दुसरी बाजू मांडली. हात जवळजवळ सारखेच वर झाले. थोड्या फरकाने जुना ठराव रद्द झाला. दुसरे जहाज सुटले. पहिले जहाज एक दिवस व एक रात्र पुढे होते. दुसऱ्या जहाजावरचे खलाशी वल्ही न सोडता जवाचे पीठ द्राक्षमद्यात आणि तेलात कालवून खात, आळीपाळीने झोपत आणि वल्हवत राहिले. सेनापती पहिला हुकूम वाचून अंमलबजावणी करणार, तोच हे जहाज बंदरात शिरले. शहर वाचले. तरीही बंडाचे पुढारी म्हणून पकडलेल्यांना मारलेच, हेही सांगितले पाहिजे.

दुसरा प्रसंग इ. स. पूर्व ४०६ चा. आर्जिनुसी बेटांजवळ अथेन्सने मोठी सागरी लढाई जिंकली. पण वादळामुळे बुडत्या खलाशांना वाचविता आले नाही. शोकाने आणि रागाने पेटलेल्या सभेने सेनापतींचा एकत्र एकाच मताने निकाल लावायचे ठरवले. प्रत्येकाचा खटला वेगळा चालला पाहिजे, असा कायदा होता. कायद्याकडे बोट दाखविणाऱ्यालाच धमकावून गप्प बसवले गेले. लोकांना हवे ते करू देत नाही म्हणजे काय, असा ओरडा झाला. त्या वेळी मंडळावर चिठ्ठीने आलेल्यांत सुकरात होता. बाकीचे दबले, तो एकटा म्हणाला की, कायद्याविरुद्ध मी काहीही करणार नाही. त्याचे कोणी ऐकले नाही. हाती लागलेल्या सहा सेनापतींना देहान्त शिक्षा झाली. त्यांत एक होता पेरिक्लिसचा तोच मुलगा, ज्याला लोकांनी दया करून नागरिक केले होते. पुढे लोकांना पश्चात्ताप झाला. पण ह्या वेळी पाठवायला दुसरे जहाज नव्हते.

ह्यातून अथेन्सचे लोक शिकले. इ. स. पूर्व ४०४ मध्ये तीस जुलमी लोकांनी सत्ता बळकावली होती. ती उलथवून ४०३ मध्ये लोकशाही परत आली, तेव्हा लोकांनी सूड न घेता सर्वसाधारण माफी जाहीर केली. कायदे तपासून पुन्हा लिहून काढले. असा नियम केला की, सभेचा कोणताही ठराव कायद्यापेक्षा वरचढ असणार नाही, आणि एका माणसाला उद्देशून कायदा करता येणार नाही, जो करायचा तो सर्वांना सारखा. बहुमतालाही कुंपण हवे, हा विचार तेव्हा पक्का झाला.

तरीही तिसरा प्रसंग घडलाच. इ. स. पूर्व ३९९. सत्तर वर्षांचा सुकरात न्यायालयापुढे उभा होता. आरोप असा की, तो शहराचे देव मानीत नाही आणि तरुणांना बिघडवतो. ह्या वेळी सर्व काही कायद्याप्रमाणे झाले. पंच चिठ्ठीने आले, पाण्याचे भांडे ठेवले गेले, मते मोजली गेली आणि प्रश्न विचारणाऱ्या त्या वृद्ध शिक्षकाला विषाचा पेला देण्यात आला. कायदा शाबूत होता. मने बंद झाली होती.

म्हणून मला असे वाटते की, नुसते बहुमत पुरत नाही, त्याला कायदा हवा. आणि नुसता कायदाही पुरत नाही, त्यामागे तो मनापासून मानणारी आणि दुसऱ्याचे ऐकून घेणारी माणसे हवीत. अथेन्सच्या दोनशे वर्षांच्या अनुभवाचे सार मला तरी हेच दिसते. इ. स. पूर्व ३२२ मध्ये मॅसिडोनियाच्या सैन्याने ती लोकशाही मोडली आणि मताचा हक्क मालमत्तेला जोडला.

हा वारसा आपल्यापर्यंत आला तो सरळ रस्त्याने आला नाही. बगदादमध्ये खलिफा मामूनच्या काळात आणि त्यानंतरही ग्रीक ग्रंथांची अरबी भाषांतरे मोठ्या निष्ठेने झाली. दहाव्या शतकात अल् फाराबीने राज्यांचे प्रकार सांगताना, जेथे सर्व लोक समान आणि स्वतंत्र आहेत अशा नगराचेही वर्णन केले. त्याला ते आदर्श वाटले नाही. पण अशा नगरात भले आणि बुरे दोन्ही भरपूर वाढते आणि त्यातून आदर्श नगर उभे राहण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते, असे त्याने नोंदवले. बाराव्या शतकात स्पेनमधील इब्न रुश्द ह्याला ॲरिस्टॉटलचा राज्यशास्त्रावरचा ग्रंथ मिळाला नाही, म्हणून त्याने अफलातूनच्या ग्रंथावर भाष्य लिहिले. ज्ञान मिळेल तेथून घ्यावे, ही त्या लोकांची वृत्ती होती. सल्लामसलतीला आपल्या धर्मात किती मान आहे, हे तर कुरआन शरीफमधील एका सूरहच्या 'अश्-शूरा' ह्या नावावरूनच कळते.

युरोप-अमेरिकेतही लोकशाही हा शब्द बराच काळ शिवीसारखाच होता. १७८७ मध्ये अमेरिकेची घटना लिहिणाऱ्या मॅडिसनला अथेन्सच्या सभेची धास्ती वाटे. म्हणून त्यांनी थेट सभेऐवजी प्रतिनिधी घेतले आणि सत्तेचे तुकडे करून एकमेकांवर पहारे बसवले. अथेन्सची प्रतिष्ठा वाढवली ती जॉर्ज ग्रोट ह्या इंग्रज गृहस्थाने. पेशाने सावकारी पेढीवाला, काही वर्षे पार्लमेंटचा सभासद. गुप्त मतदान सुरू करा, असे ठराव तो १८३० नंतरच्या दशकात पुन्हा पुन्हा आणीत राहिला. ते फेटाळले जात राहिले. इंग्लंडमध्ये गुप्त मतदान १८७२ मध्ये आले, तेव्हा ग्रोटला जाऊन वर्ष झाले होते. त्याने १८४६ ते १८५६ ह्या काळात ग्रीसचा बारा खंडांचा इतिहास लिहिला. क्लायस्थेनिसविषयी लिहिताना त्याने एक कल्पना मांडली. तिला आपण संविधाननिष्ठ नीती म्हणू. तिचा आशय असा : राज्यघटनेच्या मर्यादा पवित्र मानायच्या, त्या मर्यादेत राहून काम करणाऱ्या अधिकाऱ्याचे ऐकायचे, परंतु त्याच्यावर मोकळेपणाने टीकाही करायची, आणि ह्या मर्यादा आपल्याइतक्याच विरोधकालाही प्रिय आहेत, असा विश्वास बाळगायचा.

आणि वाचकहो, येथेच ते अडीच हजार वर्षांपूर्वीचे शहर आपल्या अंगणात येते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ग्रोटचा हाच उतारा सभेला वाचून दाखवला. ही नीती माणसाच्या ठायी जन्मतः नसते, ती जोपासावी लागते आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे, असा इशारा त्यांनी दिला. ज्या समाजाने त्यांना पाण्याच्या तळ्यापासून दूर ठेवले, त्या समाजाचे बहुमत काय करू शकते हे बाबासाहेबांना पुस्तकातून वाचण्याची गरज नव्हती. म्हणूनच मूलभूत हक्क बहुमताच्या लहरीवर न सोडता घटनेत लिहिले गेले आणि ते मिळवण्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग ३२ व्या कलमाने खुला ठेवला गेला. हे आपले दुसरे जहाज आहे. ते वेळेवर पोहोचवणे मात्र वल्हवणाऱ्यांच्या हाती आहे.

अथेन्सने जे दार बंद ठेवले होते ते आपल्या घटनेने उघडले. स्त्री-पुरुष, गरीब-श्रीमंत, साक्षर-निरक्षर, कोणत्याही धर्माचा वा जातीचा, प्रत्येक प्रौढाला एक मत. ज्या ग्रीसने लोकशाही हा शब्द दिला, तेथे स्त्रियांना संसदेसाठी पूर्ण मताधिकार १९५२ साली मिळाला. आपल्या आईआजींना तो १९५० च्या घटनेनेच मिळाला होता. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत बहुसंख्य मतदार निरक्षर होते, म्हणून मतपेट्यांवर चिन्हे लावली गेली. खेडुताला कोणाकडून नाव लिहून घ्यावे लागू नये, अशी ती सोय होती. थेट सभेची कल्पनाही आपल्याकडे जिवंत आहे. गावची ग्रामसभा म्हणजे आपली निक्स टेकडी. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तिला घटनेत स्थान दिले. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत चिठ्ठ्या टाकून निघते, तेव्हा अथेन्सच्या त्या पांढऱ्या-काळ्या गोट्यांची मला आठवण होते. पण मनाला विचारून पाहा, आपल्यापैकी कितीजण शेवटच्या ग्रामसभेला गेले होते?

हाच प्रश्न आपल्या संस्था, जमाती आणि मंडळांनाही विचारावासा वाटतो. पदे फिरतात काय? सर्वसाधारण सभेत हिशेब वाचला जातो, तेव्हा प्रश्न विचारणाऱ्याकडे आपण कौतुकाने पाहतो की कपाळाला आठ्या घालून? बाहेर आपण न्यायाची मागणी करतो, ती योग्यच आहे. परंतु जो समाज घरातल्या डायोडोटसला बोलू देत नाही, त्याची मागणी पोकळ वाटू लागते.

शेवटी वर्गातला एक लहानसा अनुभव सांगतो. नववीला हा धडा शिकवताना मी वर्गप्रमुख निवडणुकीऐवजी चिठ्ठीने आणि एका आठवड्यासाठी ठरवू लागलो. तिसऱ्या आठवड्यात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या, कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीचे नाव निघाले. ती रडवेली झाली आणि मला नको म्हणाली. मी तिला नियम एवढाच सांगितला की, शनिवारी वर्गापुढे आठवड्याचा हिशेब द्यायचा. शनिवारी ती उभी राहिली. आवाज कापत होता. तिने खडू किती संपले ते सांगितले, कोणाची नावे फळ्यावर लिहिली ते सांगितले आणि मग म्हणाली, "मंगळवारी मी एका मुलाचं नाव चुकून लिहिलं. तो बोलत नव्हता. त्याची मी माफी मागते." वर्ग क्षणभर गप्प झाला. मी त्या वर्गाला पेरिक्लिसच्या सनावळ्या बऱ्याच घोकायला लावल्या, त्या मुले विसरतील. ती माफी ती विसरणार नाहीत, अशी मला आशा आहे.

सत्ता हाती आली असता आपली पाळी ओळखणे, हिशेब देणे, चूक कबूल करणे आणि दुसऱ्याचे ऐकून घेणे, ह्या सवयी मतदानाच्या दिवशी अंगी येत नाहीत. त्या वर्गात, घरात आणि मोहल्ल्यात लावाव्या लागतात. आपली शाळा हे काम करू शकते, आणि मुलांच्या डोळ्यांसमोर आपण मोठी माणसे ते करून दाखवू लागलो, तर अधिक चांगले करू शकेल.

 पाण्याचे भांडे केव्हाच रिकामे झाले आहे, म्हणून येथेच थांबतो.

खुदा हाफिज. जय हिंद.